सहाव्या आठवड्याची काडी

शेरमादिन म्हणतो, सरपण न्यायला
पांढरा डगला घालून कुणी येतं का?
मी म्हणते, यंदाच्या छाटणीच्याच काड्या हव्यात,
साफेरावीच्या, बोटाएवढ्या जाड,
माती न लागलेल्या.
तो एक मोळी गाडीत टाकतो, दुसरी टाकतो,
तिसरीवर पाय ठेवून उभा राहतो.
ही नाही. ही पाहुण्यांची.

अलाझानीच्या खोऱ्यात फेब्रुवारीत
बांधाबांधावर धूर असतो.
द्राक्षं कधीच रांजणात गेली,
चोथा भट्टीत,
आणि वर्षभर ज्यांनी घड तोलून धरले
त्या काड्या जाळात, मांसाच्या शिगांखाली.
या जाळाची सर दुसऱ्या लाकडाला नाही,
इथलं शेंबडं पोरही सांगेल.
मीही याच धुरात वाढले, खोटं कशाला बोलू.

पण गोष्ट अशी आहे, शेरमादिन,
छाटलेल्या काडीला आपण तुटलो
हे लगेच कळत नाही.
ती जखमेपाशी पहारा बसवते.
बुरशी येईल म्हणून कडवट काहीतरी
करत राहते आतल्या आत,
पहिल्या आठवड्यात थोडं,
चौथ्यात पुष्कळ,
सहाव्यात सगळ्यात जास्त.
मूळ नाही, पान नाही, पाणी नाही,
तरी कारखाना चालू.
मग हळूहळू तिला समजतं.
त्याच्या आत मला गाठायचं असतं.

तो ऐकून घेतो. मिशीवरून हात फिरवतो.
आणि ते कडवट काढणार कसं?
भुसा करून, म्हटलं. मद्यार्कात भिजवून, ऊन करून,
गाळून, मग मद्यार्क उडवून.
मद्यार्क विकत आणता?
तिब्लिसीहून.
त्याच्या चेहऱ्यावर जी कीव आली
ती मला सरकारी अनुदानाच्या मुलाखतीतही मिळाली नव्हती.

सहा आठवड्यांनी तो तेलावीला आला
पाच लिटरचा कॅन घेऊन, स्वतःच्या भट्टीचा.
प्रयोगशाळेतलं फिरतं काचेचं यंत्र बघून
दारातच थांबला. गोल भांडं, ऊन पाणी,
वाफ, गार नळी, थेंब.
टोपी काढली त्यानं.
म्हणाला, बाई, ही तर आमची भट्टीच,
फक्त हिला बसायला स्टूल दिलंय.

त्याच्या दारूत एक नमुना भिजवला, नियमाबाहेर.
वहीत लिहिलं: द्रावक, घरगुती.
नाझिब्रोलानं वाचलं आणि काही बोलली नाही,
पण कॅन संध्याकाळी थोडा हलका लागला.
यंत्राच्या कागदावर शिखर आलं,
थोडं वाकडं, पण आलं.

दोन किलो काड्यांची
चमचाभर पिवळट पूड.
हिचं काय करतात?
गोळ्या. तोंडाला लावायची मलमं. लांबच्या देशांत.
त्यानं बोट ओलं करून जिभेला लावलं,
मी अडवायच्या आत.
बराच वेळ तोंड वाकडं ठेवून म्हणाला,
म्हणजे एवढं कडू घेऊन ती गोड द्राक्षं वाहत होती.

परत सोडायला मी त्याच्या मळ्यापर्यंत गेले.
तिसरी मोळी तिथंच होती, पडवीखाली.
जवळून पाहिली तेव्हा कळलं, ती यंदाची नाही.
साल करडी पडलेली, टोकं तडकलेली,
खाली विटा लावलेल्या, वर मेणकापड.
दोन्ही मुलं पोलंडमध्ये, ट्रकवर.
कधीच्या काड्या, मी विचारलं नाही.
नमुनाही घेतला नाही.
इतक्या दिवसांनी काडीत काय उरतं
ते मला आकड्यांत माहीत आहे.

पुन्हा कधी येशील? त्यानं विचारलं.
म्हटलं, पुढच्या छाटणीला.
तो मोळीवर पाय ठेवून उभा होता,
समोर बर्फाचे डोंगर, आणि त्यांच्याकडेच बघत म्हणाला,
आलीच आहेस तर जेवून जा.
मग पाय काढला
आणि काडेपेटीसाठी
एकेक खिसा चाचपू लागला.